बुडालेले पिंजरे

१४ नोव्हेंबर

आज घरात कासव आलं. तिजानीने बंदरापासून हातगाडीवर ढकलत आणलं. मी दारात उभी, हात बार्लीच्या पिठाने भरलेले. म्हटलं, "लोक बायकोला निवृत्त झाल्यावर बांगडी देतात."

"बांगडीच समज," तो म्हणाला. "जरा जड आहे एवढंच."

पण नेहमीसारखा हसला नाही.

नर की मादी कोण जाणे, मी आपलं 'ती' म्हणते. मान आणि पुढचा डावा पाय हिरव्या प्लास्टिकच्या जाळीत गुरफटलेला. जाळीचा दोर मांसात इतका रुतला होता की वरून नवी कातडी चढायला लागली होती. वास आला तेव्हाच कळलं, पाय सडलाय. जन्म दवाखान्यात गेला, या वासाची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही.

लोकर धुवायच्या टाकीत तिला ठेवलं. तिजानी सुरीने जाळी कापत होता, मी जखमेवर औषध ओतत होते. मध्येच एका गाठीपाशी त्याचा हात थांबला. सुरी धरून नुसता बघत बसला.

"काप की! जीव चाललाय तिचा."

मग कापली. कापलेला तुकडा त्याने कोटाच्या खिशात घातला. या माणसाला कचरासुद्धा खिशात घालायची खोड आहे. धुण्याच्या वेळी मीच निस्तरते.

दवाखान्यात नर्सची पाळी संपली की अहवाल लिहायचा असे. आता पाळी नाही, तरी हात वळवळतोच. आज निदान रोगी तरी आहे.

१६ नोव्हेंबर

बेटापलीकडे, स्फाक्स शहरात कासवांवर उपचार करणारी मंडळी आहेत. काल फोन केला, डॉक्टर एमना म्हणून एक मुलगी बोलली. "ओल्या टॉवेलात गुंडाळून आणा, पाण्यात बुडवून नका आणू."

आज सकाळच्या बोटीने निघालो. मासळीच्या खोक्यात कासव, वर माझा चांगला टॉवेल. बोटीवर सगळं गाव भेटतं, त्यामुळे तोंडं गप्प कशी राहणार?

"लल्ला रफीका, पाहुणी कोण?" लल्ला म्हणजे बाईसाहेब, दवाखान्यापासून चिकटलेलं.

"सासूबाई आहेत का हो? तोंडावळा तसाच दिसतोय."

मुख्तार भेटला. आमच्या बंदरात मासे धरायचे सगळ्यात जास्त पिंजरे त्याचे. तो खोक्यात वाकून म्हणाला, "तिजानी, माझ्या आजीने हिचा सुरेख रस्सा केला असता. तू हिला डॉक्टरकडे नेतोयस? माझी कंबर दुखते तेव्हा मला कुणी नेत नाही."

सगळे हसले. तिजानी एरवी मुख्तारला दोन ऐकवल्याशिवाय राहत नाही. आज तो अख्खा तासभर खोक्यापाशी उकिडवा बसला आणि टॉवेलवर पाणी शिंपडत राहिला.

एमना आमच्या मुलीच्या, सिहेमच्या वयाची असेल. पण हात पक्का. जखम बघितली, पोट चाचपलं आणि म्हणाली, "पाय जाणार. पण मला जास्त काळजी पोटाची आहे."

२३ नोव्हेंबर

एमनाचा फोन. एक्स-रेत आतडं तुंबलेलं दिसतंय. तेल पाजतायत, रोज थोडं थोडं बाहेर पडतंय. काय पडतंय म्हणून विचारलं. पिशव्यांच्या चिंध्या, बाटलीचं झाकण, फुग्याची दोरी.

"पाण्यात तरंगणारी पिशवी तिला जेलीफिशसारखी दिसते, मावशी. जुन्या प्लास्टिकवर शेवाळ चढलं की त्याला खाण्यासारखा वासही येतो. तिची काही चूक नाही."

मी तरी कुठे म्हटलं तिची चूक?

संध्याकाळी तिजानीने विचारलं, "कशी आहे?" मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि बाहेर जाऊन बसला. रोज विचारतो. मला बरं वाटावं म्हणून विचारत असावा.

४ डिसेंबर

पाय कापला. तीन पायांवर जगतात म्हणे, पोहतातही. मी फोनवर बोलत असताना तिजानी दाराआड उभा होता. मला बघून म्हणाला, "पाणी प्यायला आलो." पाण्याचा माठ दुसऱ्या बाजूला असतो.

७ डिसेंबर

तिजानीचं काहीतरी बिनसलंय. पहाटे जातो, दुपारी येतो, आणि टोपलीत मासे नाहीत. एक दिवस, दोन दिवस समजू शकते. समुद्र काही आपला नोकर नाही. पण बाकीच्यांच्या टोपल्या भरलेल्या असतात. शिवाय पिंजरे अंगणात पडलेत. नेतच नाही. मग होडी घेऊन जातो कुठे?

आज माझ्यासमोर हात पुढे केला. "धनुर्वाताची सुई दे."

"काय लागलं?"

"खिळा."

खिळ्याने असं होतं होय? दोन्ही तळव्यांवर बारीक बारीक चिरा, खडकावरच्या शिंपल्यांनी कापल्यासारख्या. अंगाला सडलेल्या शेवाळाचा वास. सुई दिली, पट्टी बांधली. विचारलं, "कुठे असतोस रे?"

"समुद्रात."

"ते मलाही दिसतंय."

"मग विचारतेस कशाला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, अशी उत्तरं द्यायची माझी पाळी असायची.

१५ डिसेंबर

शादलिया आली होती. तिजानीची धाकटी बहीण. घरात शिरली की आधी झाकण उघडून बघते आज काय शिजतंय, मग बोलते. आज झाकण उघडलं नाही.

"वहिनी, कानावर आलंय ते सांगते. दादाची होडी पश्चिमेच्या किनाऱ्यावर दिसली. तिथे, स्पंज काढणाऱ्यांच्या जुन्या गोदामापाशी. काहीतरी उतरवत होता."

"मासे उतरवत असेल."

"त्या किनाऱ्यावर मासे उतरवतात? तिथे काय होतं ते गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे."

तिथे माणसं भरतात. चोरून इटलीला जाणारी. मागच्या वर्षी तिथून निघालेल्या होडीतली बुडालेली मुलं मी दवाखान्यात माझ्या हातांनी धुतलीयत.

"तुझा भाऊ आहे तो," मी म्हटलं. "तुझ्या तोंडाला काही लाज?"

ती रडायला लागली. "म्हणून तर तुझ्याकडे आले ना! पोलीस यायच्या आधी तू विचार त्याला."

विचारलं नाही. धीर झाला नाही. त्याने "हो" म्हटलं तर मी काय करणार आहे?

१६ डिसेंबर

तो अंघोळीला गेला तेव्हा इंजिनाची किल्ली घेतली आणि कुसकुस वाफवायच्या भांड्यात लपवली.

१७ डिसेंबर

शिडावर गेला! किल्लीबद्दल चकार शब्द नाही. जाताना फक्त म्हणाला, "आज जेवायला कुसकुस करणार नसशीलच."

२९ डिसेंबर

ती गेली.

एमनाचा फोन सकाळीच आला. प्लास्टिकच्या कठीण तुकड्याने आतडं आतून फाटलं होतं, ते आधी दिसलं नाही. पोरगी फोनवर रडत होती. मी तिला म्हटलं, "बाळ, रोगी जातात. पहिला गेला तेव्हा मी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले होते. तोंड धू आणि पुढच्याकडे जा." फोन ठेवला आणि मग माझंच तोंड धुवायला गेले.

पोटातून जे निघालं त्याचा फोटो तिने पाठवला. पांढऱ्या कापडावर सगळं ओळीने मांडलंय. त्यात रबरी हातमोज्याचं एक बोट आहे, दवाखान्यात आम्ही घालायचो तसल्या. खूप वेळ त्याच्याकडेच बघत होते.

तिजानीला सांगितलं नाही. उगाच कशाला? त्याचं मुळातच लक्ष ठिकाणावर नाही.

५ जानेवारी

रोज विचारतो, "कशी आहे?" आणि मी रोज म्हणते, "आहे तशीच." आज माझ्याच्याने राहवलं नाही. ब्रेड मोडता मोडता सांगून टाकलं, गेल्या आठवड्यातच गेली म्हणून.

त्याने हातातला तुकडा परत ताटात ठेवला. "पायाची जखम भरत होती ना?"

"जखम भरत होती. पोटाने गेली."

"पण पाय कापला नसता, दमली नसती, तर…"

"मला काय माहीत? कदाचित वाचली असती. कदाचित नसती."

मी खरं तेच सांगितलं. पण आता वाटतंय, थोडं खोटं बोलायला हवं होतं. तो उठला, ताट तसंच. बाहेर वारा असा की ऑलिव्हच्या फांद्या जमिनीला टेकत होत्या. अशा वाऱ्यात कुणी होडी काढत नाही. त्याने काढली.

दिवसभर दारात उभी होते. आला तेव्हा ओठ निळे पडले होते. मी त्याला इतक्या शिव्या दिल्या, इतक्या शिव्या दिल्या की शेजारची कुत्री भुंकायची थांबली. मग पाय गरम पाण्यात घातले त्याचे. एका कासवासाठी कुणी असं करत नाही. हा माणूस कुणाच्या तरी धाकात आहे. पैसे घेतले असतील, आता सुटता येत नसेल.

सिहेमला फोन लावला, उचलायच्या आत ठेवला.

११ जानेवारी

देवा, हे सगळं नीट क्रमाने लिहायला हवं.

दुपारी दार वाजलं. मुख्तार, त्याच्यामागे बंदरातले दोघे. मला वाटलं, झालं. होडी उलटली, मुलं बुडाली, आता हे सांगायला आलेत. मी चौकट धरली.

मुख्तार म्हणाला, "लल्ला रफीका, तुझ्या शब्दाला मान आहे म्हणून आधी घरी आलो. तुझा नवरा आमचे पिंजरे चोरतो."

"काय चोरतो?"

"पिंजरे! मासे पकडायचे! पश्चिमेच्या गोदामात ढीग लावलाय. ह्याने डोळ्यांनी बघितला."

माझा नवरा चोर निघाला या बातमीने मला इतका आनंद झाला की मी हसले. अगदी मोठ्याने. तिघेही एकमेकांकडे बघायला लागले. हसता हसता उंबऱ्यावरच बसले.

"हिला वेड लागलं," एक जण हळूच म्हणाला.

मी म्हटलं, "चला, मला दाखवा."

गोदामाला छप्पर नाही. तिजानी आतच होता, पाठमोरा. आणि ढीग. माझ्या डोक्याच्या वर गेलेला. हिरव्या, काळ्या जाळीचे गोल पिंजरे, पण बाजारात मिळतात तसे नाहीत. त्यांच्यावर शिंपले चढलेले, शेवाळाच्या दाढ्या, चिखल. वास असा की मुख्तारनेही नाकाला बाही लावली. जवळ गेले तर आत काटे. माशांचे सांगाडे, खेकड्यांची कवचं, एका पिंजऱ्यात पाणपक्ष्याची कवटी.

"हे तर जुने आहेत," मागचा एक जण म्हणाला.

मुख्तार ढिगाभोवती फिरला. एक पिंजरा उपसून काढला, त्याच्या तोंडाशी बांधलेली लाल दोरी चाचपली. "हा माझा. तीन-चार वर्षांमागचा. वादळात गेला होता."

"माहीत आहे," तिजानी म्हणाला. "तुझी लाल दोरी कुणाला माहीत नाही? घेऊन जा."

"याचं मी काय करू?"

"तेच तर. कुणीच काही करत नाही. आपण नवा विकत घेतो, हा खाली राहतो. याला कोण सांगतं की तुझा धनी आता येणार नाही? हा आपला मासे धरतच राहतो. आतला मरतो, त्याच्या वासाने दुसरा येतो. तो मरतो, तिसरा येतो. पूर्वी झावळ्यांचे पिंजरे वर्षभरात कुजून जायचे. हे नाही कुजत, मुख्तार. मी लोखंडी गळ टाकून तळातून ओढतोय महिनाभर, यांना काही झालेलं नाही."

"आणि तुलाच काय एवढं पडलंय? समुद्राचा जावई आहेस?"

तिजानीने खिशात हात घातला. हिरव्या जाळीचा वीतभर तुकडा काढला. त्यात एक गाठ होती, दुहेरी फासाची, शेपूट आत दडवलेली.

"कासवाच्या मानेत हे होतं. बघ कुणाची गाठ."

मुख्तारने बघितली. मीही बघितली. अख्ख्या बंदरात डावखुरा कोळी एकच, आणि अशी उलटी गाठ फक्त त्याचीच पडते. माझ्या घरातल्या कांद्यांच्या माळेला आहे तीच गाठ. मी ज्या दिवशी "काप की" म्हणून ओरडले, त्या दिवशी तो स्वतःचीच गाठ ओळखून बसला होता. दोन महिने हे त्याच्या खिशात होतं आणि मी कुसकुसच्या भांड्यात किल्ल्या लपवत होते.

मुख्तारचा आवाज उतरला, पण राग नाही. "एक कासव मेलं म्हणून आता आम्ही सगळे खुनी का? झावळ्या लावून पोट भरतं का माझं? तुझ्या बायकोची पेन्शन येते, तू पुण्य कमव. माझ्या घरी चार तोंडं आहेत." लाल दोरीचा पिंजरा त्याने तिथेच टाकला आणि निघून गेला.

तो म्हणाला ते खोटं नाही. हेच मला आत्ता लिहितानाही टोचतंय.

येताना आम्ही दोघं चालत आलो. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू इतकी मनापासून तिची सेवा करत होतीस. कुठल्या तोंडाने सांगू?"

"मला वाटलं तू माणसं भरतोस."

तो रस्त्यात थांबला. "मी?" मग म्हणाला, "म्हणून किल्ली!" आणि कित्येक आठवड्यांनी हसला. मला हसू आलं नाही. मी रस्त्यावरच त्याच्या दंडाला धरून रडले. समोरून शादलिया येत होती, तिने लगेच वाट बदलली.

२० जानेवारी

तिजानी अंगणातले स्वतःचे पिंजरे तोडतोय. झावळ्या आणल्यात. त्याच्या वडिलांसारखं उथळ पाण्यात झावळ्यांचं कुंपण लावणार. भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला आपण हवे तेवढे काढून घ्यायचे. कुंपण बुडालं, मोडलं, तरी झाडाचंच पान ते. पण मासळी निम्मीसुद्धा येणार नाही, हे तोही जाणतो. मी संध्याकाळी घरोघर सुया टोचायला, पट्ट्या बदलायला जायला लागले आहे. निवृत्ती पुरे झाली.

बंदरात मुख्तारची माणसं तिजानीशी बोलत नाहीत. कॅफेत बसला की त्याचं टेबल रिकामं होतं. सांगत नाही, पण आता लवकर घरी येतो.

२ फेब्रुवारी

आज मीही होडीतून गेले. मला समुद्र कधीच मानवला नाही. बेटावर जन्म घेऊन बोटीवर ओकणारी मीच. तिजानीने गळ टाकला, मी एका हाताने दोर धरला, दुसऱ्या हाताने होडीची कड. तीन पिंजरे निघाले. एकात दोन खेकडे जिवंत होते, सोडले. "आज माशांना तूच जास्त खायला घातलंस," तिजानी म्हणाला.

रात्रीपर्यंत घर हलत होतं. पण परत जाणार.

२६ फेब्रुवारी

चार दिवस वादळ. बोट बंद, वीज जाऊन येऊन. आमचं कुंपण अर्धं गेलं. बंदरावरून ऐकलं, मुख्तारची पिंजऱ्यांची अख्खी रांग वाहून गेली. दोर तुटले, खुणेचे डबे किनाऱ्याला लागले, पिंजरे तळाला.

तिजानी ऐकून खूश होईल असं वाटलं होतं. म्हणाला, "अरेरे." आणि मग, "कुठल्या बाजूला होती रांग?"

१ मार्च

मुख्तार आला. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना. टोपी हातात.

"तिजानी आहे?"

"झावळ्या सोलतोय मागे."

"त्याला सांग… दीपगृह आणि वलीबाबाची पांढरी कबर एका रेषेत आली की उत्तरेला. तिथे होती माझी रांग. जुने पण तिथेच असतील, आधीच्या वादळांतले. मला आपलं सांगायचं होतं."

मागून तिजानीचा आवाज आला. "मला कशाला सांगतोस? तुला ठिकाण माहीत आहे, तूच ये की बरोबर."

"माझी कंबर…"

"रफीका येते, ती ओकता ओकता दोर ओढते. तुझी कंबर तिच्या पोटापेक्षा नाजूक आहे का?"

मुख्तार आत आला. मी कॉफी केली. दोघं वाऱ्याबद्दल बोलत बसले, फक्त वाऱ्याबद्दल. कॉफी गार झाली, पुन्हा केली, तीही गार झाली.

४ मार्च

तिघं गेलो. मुख्तारने डोळे बारीक करून दीपगृह आणि कबर जुळवली, आणि म्हणाला, "टाक." पहिल्याच खेपेला गळ अडकला. नव्या रांगेतले पिंजरे एकामागून एक वर आले. मुख्तार प्रत्येकाला बघून खूश होत होता, हे धुऊन पुन्हा वापरता येतील म्हणून. वापरणारच तो. तिजानी ते त्याच्याच बाजूला रचत गेला.

मग एक जड आला. जुना. तिघांनी मिळून ओढला. जाळी दिसेनाशी झाली होती, इतके शिंपले. तोंडाशी लाल दोरी. आत काट्यांचा खच, आणि काट्यांवर एक हेकरू मासा, जिवंत.

एवढा मोठा हेकरू मी बाजारातही पाहिला नव्हता. हॉटेलवाले यासाठी भांडतात. मुख्तारने जाळी फाडली, दोन्ही हातांनी मासा उचलला. "याला म्हणतात नशीब!" तो ओरडला.

आणि मग त्याने मासा वळवून बघितला. माशाचं डोकं मोठं, पण मागे नुसती कातडी, हाडाला चिकटलेली. नाकाडावर मांस उरलंच नव्हतं. पांढरं हाड दिसत होतं. आतून जाळीला धडका मारून मारून झिजलं होतं ते. किती दिवस, कोण जाणे. कल्ले मात्र चालू होते.

मुख्तार त्या नाकाडाकडे बघत होता. त्याने अंगठा हळूच तिथून फिरवला. होडी हलत होती, मी कड घट्ट धरून राहिले. तिजानी मुद्दाम दुसरीकडे तोंड करून दोर गुंडाळत राहिला.

"बारीक आहे," मुख्तार अखेर म्हणाला. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता. "काही नाही याच्यात. मोठा होऊ दे."

आणि वाकून, बाह्या भिजल्या तरी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून, तो हलेपर्यंत धरून, त्याने त्याला सोडलं.